कीटो करावं, दोनदाच जेवावं की भाकरी-वरणावरच राहावं?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. मिस्टर ४४ वर्षांचे, शाळेत शिक्षक, वजन ८६ किलो, उंची साडेपाच फूट, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी ७.८, आणि सकाळी एक गोळी चालू आहे ज्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही आहे. शाळेतले एक सहकारी म्हणतात कीटो करा, म्हणजे भाकरी-भात जवळपास बंद करून चरबीवर राहा, भाऊ म्हणतो दोनदाच जेवा, जाऊबाई म्हणतात सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घ्या, आणि सासूबाई म्हणतात की ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाला ही थेरं कशाला पाहिजेत. शेवटी ताईंनी एका ओळीत लिहिलंय की मी पण त्यांच्यासोबतच सुरू करू का, माझं पण वजन वाढलंय.

मी १९ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, आधी अंबाजोगाईला आणि आता लातूरला, आणि माझ्याकडे दिवसभरात जेवढी माणसं येतात त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न हाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर वाचून घ्या.

सगळ्यात आधी गोळीचं. ताई, यातलं काहीही उद्या सकाळपासून सुरू करू नका. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला आहात का नाही हे ती बघत नाही. माझ्याकडे एक दुकानदार यायचे, त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन वेळच्या जेवणाचं सुरू केलं, मला नाही विचारलं आणि डॉक्टरांनाही नाही. सकाळी सातला नेहमीसारखी गोळी घेतली आणि पहिलं जेवण ठेवलं दुपारी साडेबाराला. अकराच्या सुमारास दुकानात घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं आणि ते खाली बसले. लोकांना वाटलं ऊन लागलं, पाणी पाजलं, वारा घातला. शेजारच्या मेडिकलवाल्याने शुगर तपासली तर ४८. साखरेचं पाणी दिलं म्हणून वाचले. ते गाडीवर असते तर काय झालं असतं याचा विचार मला अजून नको वाटतो. घरात सगळ्यांना हे माहीत असू द्या: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं असं दिसलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, कमीच असेल तर परत तेवढीच, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना.

दुसऱ्या एका प्रकारच्या गोळ्या आहेत, नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. आजकाल बऱ्याच जणांना चालू असतात आणि गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला किडनीला उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर असताना कीटो किंवा लांबलचक उपास केला तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून माणूस गंभीर होऊ शकतो आणि गंमत नाही ही, शुगर मात्र फार वाढलेली दिसत नाही त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं सुरू होतं. म्हणून आधी डॉक्टर, गोळीचा डोस, मग जेवणात बदल. हा क्रम उलटा करायचा नाही.

आता कीटोकडे येऊ. हे डाएट वजन कमी करायला निघालंच नव्हतं, १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर या डॉक्टरांनी ते फिट्सच्या पेशंटसाठी मांडलं, आणि ज्या लेकरांच्या फिट्स औषधांनी थांबत नाहीत त्यांना आजही हॉस्पिटलच्या देखरेखीत ते देतात. त्यात दिवसाची कर्बोदकं साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवायची असतात. आता आपल्या चुलीवर हे मोजा. मी माझ्या घरच्या काट्यावर पीठ मोजून बघितलंय, आपल्याकडची तव्याएवढी थापलेली भाकरी ९०-१०० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे एका भाकरीतच ६५-७० ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे दिवसाची एक भाकरी पण बसत नाही त्यात, वरण बसत नाही, मटकी बसत नाही, सीताफळ आणि मोसंबीचं तर नावच नाही. मग राहतं काय? पनीर, चीज, अंडी, चिकन, लोणी, बदाम. मटणाचं घर असलं तर एखादा महिना निघतो. शाकाहारी घरात, एका पगारात, हे किती दिवस चालणार आहे? आणि मुख्य म्हणजे घरात रोज दोन स्वयंपाक होतात, सरांसाठी पनीर आणि लेकरांसाठी भाकरी-भाजी, आणि तो दुसरा स्वयंपाक कोण करतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. माझ्याकडे कीटो सोडून आलेली जी माणसं आहेत त्यांतल्या फार थोड्यांनी ते त्रास झाला म्हणून सोडलं, बाकीच्यांनी घरात लग्न निघालं, पंढरीची वारी आली, बायको आजारी पडली म्हणून सोडलं. आणि सोडल्यावर वजन परत आलं.

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलं हे सगळे कौतुकाने सांगतात, त्याचं पण कारण समजून घ्या. शरीरात साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या एक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी-भात बंद केला की हा साठा रिकामा होतो आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं. काट्यावर आकडा पडतो, चरबी मात्र थोडीच गेलेली असते. आपल्या मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत, टँकरचं पाणी मोजून वापरणाऱ्या घरात हे असलं पाणी उतरवणं मला अजिबात बरं वाटत नाही, मुतखड्याचा त्रास असलेल्या माणसाला तर नाहीच नाही.

भाऊ म्हणतात ते दोन वेळच्या जेवणाचं. हे आपल्याकडे घराघरांत पोचलंय कारण डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्याच सरकारी मेडिकल कॉलेजला प्राध्यापक होते, मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दिवसात दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे साखरेचं-पिठाचं काही नाही आणि ४५ मिनिटं चालायचं. मी याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. पैसे लागत नाहीत, घरचंच जेवण असतं, आणि दिवसातून सहा वेळा चहा-बिस्कीट, मधे फरसाण, संध्याकाळी भजी हे जे आपलं चाललेलं असतं ते एका झटक्यात बंद होतं, माझ्या मते खरा फायदा तिथंच होतो. ज्यांना शुगरची गोळी नाही, पोट थोडं सुटलंय, ॲसिडिटी नाही, अशा माणसाला हे झेपत असेल तर खुशाल करावं. पण लोक त्यातलं चालणं सोडून देतात, तपासण्या सोडून देतात आणि ५५ मिनिटं तेवढी धरतात, आणि त्या ५५ मिनिटांत चार भाकरी, भात, वर शिरा. एका काकांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, मी तर दोनच टायम खायलोय, तरी वजन का कमी व्हईना?" त्यांचं एक टायमाचं जेवण लिहून काढलं तर दीड हजार कॅलरीच्या पुढं गेलं.

वेळेच्या खिडकीत, म्हणजे ठरावीक तासांतच खाण्यात, काही वेगळी जादू आहे का हे चीनमधल्या ग्वांगझूला तपासलं होतं, २०२२ मध्ये छापून आलं. १३९ जाड माणसं, एक वर्ष, सगळ्यांना सारखंच कमी खायला सांगितलं, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं. खिडकीवाल्यांचं सरासरी ८ किलो उतरलं आणि दुसऱ्यांचं सव्वासहा, आणि संशोधकांच्या हिशोबात हा फरक ठोस ठरला नाही. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ लोकांवर वर्षभर बघितलं होतं, अर्ध्यांना कमी चरबीचं आणि अर्ध्यांना कमी कर्बोदकांचं जेवण. एका गटाचं ५.३ किलो गेलं, दुसऱ्याचं ६ किलो. जवळपास सारखंच. आणि दोन्ही गटांना काय सांगितलं होतं माहितीये का, भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमी करा, शक्यतो घरी शिजवलेलं खा. म्हणजे नाव कोणतंही असो, जे काम झालं ते या गोष्टींनी झालं आणि एकूण पोटात कमी गेलं म्हणून झालं. मी हे पेशंटला सांगते तेव्हा काहींचा चेहरा पडतो, त्यांना वाटतं मॅडमकडे काहीतरी खास असेल.

बाकीच्यांचं पटापट सांगते. दुधीचा रस: कडू लागला तर एक घोट पण प्यायचा नाही, थुंकून टाकायचा. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, देशात त्याने माणसं दगावलीत आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने त्याबद्दल इशारा दिलेला आहे. दुधीची भाजी करा, हरभऱ्याची डाळ घालून, चांगली लागते आणि चोथा पण पोटात जातो. ॲपल सायडर व्हिनेगर: २०२४ मध्ये एक अभ्यास लई गाजला की याने वजन उतरतं, तो ज्यांनी छापला होता त्यांनीच २०२५ मध्ये आकडे भरवशाचे नाहीत म्हणून मागं घेतला. डिटॉक्स: तुमचं लिव्हर आणि किडनी रोज तेच काम करतायत, वेगळं पाणी नको. डब्यातल्या पावडरचे शेक, आता तालुक्याच्या गावात पण सकाळी क्लब भरतात: एक जेवण काढून एक ग्लास शेक घेतला की वजन उतरणारच, त्यात पावडरीचं कौतुक नाही, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार सूचनांमध्ये प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलंय. आणि गुळाचा चहा! हायवेवर दर दोन किलोमीटरला पाटी दिसते आणि माझे शुगरचे पेशंट तिथं थांबून दोन-दोन कप पितात कारण गूळ म्हणजे औषध असं त्यांच्या डोक्यात बसलंय. गुळात मुख्यतः साखरच आहे हो. रक्तात गेल्यावर शुगर तशीच वाढते.

आता सासूबाईंकडे. त्या निम्म्या बरोबर आहेत आणि हे निम्मं फार महत्त्वाचं आहे. ज्वारी चांगलीच आहे, १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तेवढाच चोथा, पांढऱ्या तांदळात चोथा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पण नसतो. आपल्या मराठवाड्याने ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आणि मग रेशनचा गहू-तांदूळ आला, शेतात सोयाबीन आलं, आणि पाहुण्याला चपाती वाढायची आणि भाकरी म्हणजे गरिबाची असं होऊन बसलं. आता २०२३ चं भरडधान्य वर्ष झाल्यापासून तीच ज्वारी बिस्किटं, फ्लेक्स, नूडल्स होऊन तिप्पट-चौपट भावाने परत येतेय. ते पाकीट घ्यायच्या आधी मागच्या बाजूची घटकांची यादी बघा, ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं, बऱ्याच वेळा पहिला मैदा नाहीतर साखर निघते.

पण सासूबाईंचं उरलेलं निम्मं चुकतंय. सासरे भाकरी खात होते तेव्हा त्यांच्यामागं औत होतं, विहीर होती, पाच मैल चालणं होतं. सर तीच भाकरी तेवढीच खातात आणि गाडीवर शाळेत जाऊन खुर्चीवर बसतात. आयसीएमआरच्या देशभरच्या मधुमेह पाहणीतून २०२५ मध्ये आलेला आकडा असा आहे की आपल्या लोकांच्या ताटातल्या कॅलरीपैकी ६२ टक्के नुसत्या कर्बोदकांतून येतात. आणि त्यात आणखी एक गोष्ट दिसली जी आपल्या भागाने नीट ऐकायला पाहिजे: पांढऱ्या तांदळाच्या-मैद्याच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली तर शुगरचा धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांच्या थोड्या हिश्श्याच्या जागी डाळींची किंवा दुधाची प्रथिनं आली तिथं तो कमी दिसतो. म्हणजे चपातीची भाकरी करून भागत नाही, चार भाकरींच्या दोन करून शेजारी उसळ आणि घट्ट वरण यायला पाहिजे.

माझं सगळं म्हणणं इथं आहे बघा. नवीन डाएट शोधायच्या आधी तुमच्या घरच्या ताटातून काय निघून गेलंय ते शोधा. लातूरची तूरडाळ अख्ख्या देशात जाते आणि लातूरच्या घरात मी वरण बघते ते कसं, तर वरचं पाणी. चार माणसांत एक मूठ-दीड मूठ डाळ, ५०-६० ग्रॅम. एकाच्या वाट्याला आली १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. पोषण संस्थेने दिवसाच्या ताटाचा जो हिशोब दिलाय, २००० कॅलरीचा, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला १० किलो! अंडी-मटण खात असाल तर त्यातली थोडी कमी चालते. मी हा आकडा सांगितला की बायका म्हणतात मॅडम आमच्यात तर तीन किलो पण लागत नाही. तीन किलो लागत नाही आणि गहू-ज्वारी मिळून चाळीस किलो लागते, हेच तर दुखणं आहे.

हा हिशोब पूर्ण जुळतो का ते पण बघू. ७० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५८ ग्रॅम प्रथिनं लागतात. २५० ग्रॅम धान्यातून २५, ८५ ग्रॅम डाळींतून १८-१९, ३०० मिली दुधा-दह्यातून ९-१०, मूठभर शेंगदाण्यातून ८. झाले साठ. पावडरीचा डबा कुठंच लागला नाही.

भाज्यांचं तर मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे येळवस असते, मार्गशीर्षातली अमावस्या, अख्खं लातूर-धाराशिव त्या दिवशी शेतात जेवतं. त्या दिवशीची भज्जी आठवा, तूर-हरभरा-वाल-मटार सगळे ओले दाणे, पालेभाज्या, गाजर, बोरं, चिंच, वरून हरभऱ्याचं पीठ लावलेलं, सोबत उंडे आणि ताकातलं ज्वारीचं आंबील. एका वाटीत डाळवर्गातलं पण आलं, पाला पण आला, आंबवलेलं पण आलं. मला कुणी विचारलं आदर्श ताट दाखवा तर मी ते दाखवीन. आणि हे आपण वर्षातून एक दिवस खातो, बाकीचे दिवस बटाटा आणि वांगं. बांधावरची तांदुळजा, घोळ, पाथरी, करडईची भाजी, अंबाडी ही ओळखणारी बाई आता घरात एकच उरलीय, सासूबाई. त्यांना विचारून घ्या ताई, त्यांच्याशी डाएटवरून वाद घालण्यापेक्षा त्यांना बाजारात सोबत न्या.

तेल, मीठ, चहा यावर मी फार बोलत नाही कारण सगळ्यांना माहीत असतं, तरी एकदा मोजा. माणशी २७ ग्रॅम तेल म्हणजे चौघांना महिन्याला सव्वातीन किलो, त्यात चटणीवर ओतलेलं करडईचं कच्चं तेल पण धरायचं. दोन चमच्यांचा चहा पाच वेळा झाला की ५० ग्रॅम साखर, आणि मर्यादा २५ ची. सरांचा स्टाफरूममधला चहा आधी बिनसाखरेचा करा, आठवडाभर नको वाटतो, मग जीभ सरावते. मीठ ५ ग्रॅमच्या आत, त्यामुळे पापड-लोणचं-खारवड्या रोज नाही.

सरांसाठी मी काय करीन ते सांगते. सकाळी मुगाचं किंवा हुलग्याचं धिरडं नाहीतर दोन अंडी आणि अर्धी भाकरी, सुशीला करायची असेल तर चुरमुरे निम्मे आणि फुटाणे-शेंगदाणे-कांदा-कोथिंबीर दुप्पट. दुपारच्या डब्यात एक मोठी भाकरी, म्हणजे ९० ग्रॅमच्या आत, एक वाटी घट्ट उसळ, एक वाटी पालेभाजी, काकडी नाहीतर कच्चा कांदा, आणि घरून ताक. आधी उसळ-भाजी निम्मी खायची, मग भाकरीला हात लावायचा, याने जेवणानंतरची शुगर कमी चढते. संध्याकाळी भूक लागतेच शाळेतून आल्यावर, तिथं मूठभर फुटाणे, नाहीतर पेरू. रात्री आठच्या आत अर्धी-पाऊण भाकरी, वरण इतकं घट्ट की चमचा उभा राहील, भाजी, दही. भात रविवारी. जेवून लगेच कॉटवर नाही, पंधरा मिनिटं गल्लीत चालायचं, मोबाईलवर बोलत चाललं तरी चालेल. लग्नात जेवायचं, हुरडा आला की हुरडा खायचा, त्या दिवशी भाकरी नाही. बऱ्याच जणांना माझा राग येतो की तुम्ही एवढं साधं सांगता, पण पहिली तीन वर्षं मी पण ओट्स, ब्राउन ब्रेड आणि ऑलिव्ह ऑइलचे छापील चार्ट शेतकरी बायकांच्या हातात दिलेत, आणि त्या चार्ट घडी करून देवघरात ठेवायच्या, शिजवायच्या नाहीत. चूक त्यांची नव्हती.

याने काय होईल? ८६ चं वजन सहा-आठ महिन्यांत ७९-८० वर आलं तरी शुगरमध्ये फरक पडतो, गोळी कमी करायची वेळ येऊ शकते. उंचीच्या मानाने सरांचा बीएमआय ३०.६ आहे, आपल्या लोकांत २५ च्या वर स्थूल धरतात, तर ७० पर्यंत यायला हवं असं कागद म्हणेल. मी पहिलं उद्दिष्ट पाच-सहा किलोचंच ठेवते. ज्यांना झपाट्याने वजन उतरवून मधुमेह मागं सारायचाय त्यांच्यासाठी पण रस्ता आहे, ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तीन ते पाच महिने दिवसाला ८५० च्या आसपास कॅलरीवर ठेवून वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय आटोक्यात आली होती. पण ती माणसं सहा वर्षांच्या आतल्या मधुमेहाची होती, गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, आणि वर्षभर कुणीतरी पाठीशी होतं. घरी एकट्याने करायची ती गोष्ट नाही.

आता ताई, तुमचं. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यात सरांची शुगर आहे, वजन आहे, गोळीचं नाव आहे, आणि तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल एक शब्द नाही. मी त्यांच्यासोबत सुरू करू का एवढंच. तुम्ही सगळ्यात शेवटी जेवता का? सकाळची उरलेली भाजी संपवता का, वरण सगळ्यांना पुरवून तुम्हाला तळाचं पाणी येतं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५४ टक्क्यांना रक्त कमी निघालंय. वजन जास्त आणि हिमोग्लोबिन नऊ, अशा बायका माझ्याकडे रोज येतात, भाकरी-चहावर पोट भरलेलं असतं आणि अंगात काही नसतं. अशा बाईने कीटो किंवा रसावर राहणं मला बिलकूल मान्य नाही. तुम्ही आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासा. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर तासभर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी शक्ती नावाची ज्वारी आहे, २०१८ ला आलेली, त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि झिंक जास्त आहे, गावाकडं शेत असेल तर एखादा एकर तुमच्या घरापुरता पेरायला सांगा.

आणि सरांचं बी१२ पण तपासून घ्या, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते कमी होतं, पायाला मुंग्या येतात आणि सगळे म्हणतात शुगरमुळं.

तर या आठवड्यात एवढं करा. डॉक्टरांना भेटून विचारा की भाकरी निम्मी केली तर ग्लिमेपिराइडचा डोस किती ठेवायचा. मशीन नसेल तर ग्लुकोमीटर घ्या, पहिले पंधरा दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी लिहून ठेवा. दोघांची कंबर टेपने मोजा, बेंबीच्या उंचीला, सरांची ९० सेंटीमीटर आणि तुमची ८० च्या वर असेल तर तीच आपली खरी मोजपट्टी, वजनकाटा नंतर. आणि तीन दिवस दोघांनी जे जे तोंडात गेलं ते एका वहीत लिहा, चहा सकट, स्टाफरूमच्या बिस्किटासकट, सगळ्यांची जेवणं झाल्यावर तुम्ही किती वाजता आणि काय जेवलात ते पण. ती वही घेऊन या, भाकरी कुठं काढायची आणि डाळ कुठं घालायची ते त्यात बघूनच ठरवू.